पोरीची विजेची गाडी आणि गांगुलपाऱ्याचा घाट

मी एकतीस वर्षं बिरसा तहसिलीतल्या तांब्याच्या खाणीत डंपर चालवला. डंपर म्हणजे ज्याच्या चाकापुढे उभा माणूस ठेंगणा दिसतो आणि ज्याच्यावर शिडीनं चढावं लागतं. असल्या माणसाला लिंबाच्या रंगाची, छातीएवढ्या उंचीची गाडी दाखवून "कशी हाये, बाबा?" असं विचारलं, तर तो काय सांगणार?

मी म्हणालो, "चांगली हाये. हिची माय कुठी हाये?"

स्नेहल हसली नाही. तेव्हाच मला कळलं की पोर काहीतरी पोटात घेऊन आली आहे.

स्नेहल ही आमची एकुलती एक मुलगी. पुण्यात गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे. ही कंपनी पळणाऱ्या गाड्यांसाठी नावाजलेली. जाहिरातीत त्यांची गाडी सरळ चालताना मी कधी पाहिली नाही, नेहमी धूळ उडवत वळत असते. त्याच कंपनीनं आता छोटी विजेची गाडी काढली, आणि स्नेहलनं पहिल्या खेपेतली एक स्वतःसाठी घेतली. पुण्याहून मजल दरमजल करत, जागोजागी चार्ज करत ती बालाघाटला आली. "आठ दिवस तुमच्यापाशी ठेवा, चालवा," म्हणाली आणि गोंदियाहून रेल्वेनं परत जायला निघाली.

स्टेशनवर तिनं खरी गोष्ट सांगितली. या गाडीत पेडलवरचा पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, आणि मंदावताना तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. किती जोरानं मंदावावं, हे ठरवण्याचं काम स्नेहलचं. तीन वर्षं ती तेच करत होती. आता गाडी बाजारात आली तर वरचे साहेब म्हणू लागले की जोर फार आहे, लोकांना ओकारी येईल, आपल्या गिऱ्हाइकाला सरसर जाणारी गाडी पाहिजे. बाजारात गेलेल्या गाडीचंही हे वागणं बदलता येतं म्हणे, मोबाइलमध्ये नवीन काही टाकावं तसं. सोमवारी बैठक होती. तिथे तिचं तीन वर्षांचं काम राहणार किंवा पुसलं जाणार होतं.

"बाबा, तुमी बापासारखं सांगू नोका," ती म्हणाली. "शिफ्ट बदलताना दुसऱ्या ऑपरेटरले सांगता ना, तसं सांगा."

खाणीतली ही रीत बाहेरच्यांना ठाऊक नसेल. पाळी संपली की उतरणारा ऑपरेटर शिडीपाशी उभा राहतो आणि चढणाऱ्याला ब्रेक कसा आहे ते तोंडी सांगतो. त्यात भिडस्तपणा चालत नाही. समोर सख्खा भाऊ असला तरी वाईटाला वाईटच म्हणायचं, कारण तो त्याच ब्रेकच्या भरवशावर खाली उतरणार असतो. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात, इथे तर वैद्य पोटची पोर होती.

शुक्रवार: लांजी

प्रवासात माझ्यासोबत माझी बायको मंदा होती, आणि तिची ओळख आधीच करून दिली पाहिजे. मंदाला माझ्या ड्रायव्हिंगचं कौतुक शून्य. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बैहरच्या रस्त्यावर, गांगुलपाऱ्याच्या घाटात, तिनं दरीत पडलेला ट्रक पाहिला. तेव्हापासून त्या घाटात ती झोपली नाही. आम्ही खाणीच्या कॉलनीत राहायचो आणि तिचं माहेर लांजीचं, म्हणजे वर्षातून चारदा तरी तो घाट. बसमधले सगळे घोरत असायचे आणि ही डोळे ताणून बसलेली. प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय खालचा पत्रा दाबायचा. तिच्या चपलांच्या जोडात उजवा तळ आधी झिजतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

निघताना मी दोनदा हॉर्न वाजवला. ही माझी जुनी खोड. खाणीत डंपर पुढे न्यायच्या आधी दोन हॉर्न द्यायचेच, नाहीतर चाकाशी बसलेला माणूस चिरडला जाईल. स्कूटर घेतली तेव्हाही मी दोन हॉर्न द्यायचो आणि मोहल्ला हसायचा. या गाडीला मात्र ती खोड शोभली. गाडीला आवाजच नाही. शेजारच्या तिवारी काकू गाडीला पाठ करून तांदूळ निवडत बसल्या होत्या. हॉर्न ऐकून दचकल्या आणि म्हणाल्या, "अरे भैया, चालू भी है क्या?"

धान कापून झालं होतं. बांध्या, म्हणजे खाचरं, मोकळी पडली होती आणि रस्त्याच्या एका कडेला लोकांनी धान वाळत घातलं होतं. गाडीनं मला पहिला धक्का किरनापूरच्या अलीकडे दिला. पुढच्या मोटरसायकलला मागे टाकायला मी पाय जरासा दाबला, तर मोटरसायकल आरशात. मी मनात म्हणालो, वा रे लिंबू! सीट दोन्ही बाजूंनी धरून ठेवते आणि स्टिअरिंग बोटानं फिरतं. खोटं कशाला सांगू, छाती थोडी फुगली. पोरीच्या कंपनीची गाडी होती.

दुसरा धक्का मात्र खरा धक्का होता. समोर बैलगाडी आली म्हणून मी पाय उचलला. गाडी अशी रोखली गेली की मंदाच्या मांडीवरचा डबा पुढे सरकला आणि चिन्नोरच्या तांदळाची खीर तिच्या नव्या लुगड्यावर सांडली. चिन्नोर हा आमच्याकडचा घमघमणारा तांदूळ, पुढचे वीस किलोमीटर आम्ही खिरीत बसून गेलो.

"गाडी हाये का अडेल बैल?" मंदा म्हणाली.

लांजीत माझी साळी, मंदाची बहीण शांता, आरतीचं ताट घेऊन तयार होती. चाकांना कुंकू झालं, नारळ फुटला. मग तिला इंजिनाला कुंकू लावायचं होतं. मी पुढचं झाकण उघडलं. आत काही झाकणं आणि नारिंगी वायर, इंजिनाचा पत्ता नाही. शांता कुंकवाचं बोट वर धरून उभीच राहिली. शेवटी तिनं चार्जिंगच्या भोकाच्या झाकणावर टिळा लावला, "हेच हिचं तोंड ना?" म्हणत. साडूंनी विचारलं, "आवाज नाही तं मंग पळणारी गाडी कायची?" मी त्यांना बसवून एक चक्कर मारली. परत आल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं.

जेवणात पातोडीचा रस्सा आणि लाखोळीच्या डाळीचे वडे होते. वडे मी किती खाल्ले ते मंदानं मोजलं. परतीच्या वाटेवर मात्र भोगावं तिला लागलं. मी पाय उचलला की तिचं पोट ढवळायचं. दोनदा गाडी थांबवावी लागली. दुसऱ्या वेळी रस्त्याच्या कडेला तिच्या पाठीवर हात फिरवत मी उभा होतो आणि मनात म्हणत होतो की साहेब खरं बोलतात.

संध्याकाळी स्नेहलचा फोन आला. "कसा हाये, बाबा?"

"अजून घाट राह्यला," मी म्हणालो. "घाट पाहून सांगतो."

ती समजली असावी, कारण "बरं" म्हणून तिनं फोन ठेवला. एकतीस वर्षांत ब्रेकबद्दल खोटं बोललो नव्हतो, आणि आता खरं बोललो तर पोरीची तीन वर्षं माझ्याच तोंडानं पुसली जाणार होती.

शनिवार: बिरसा

मंदा येणार नाही असं मला वाटलं होतं. ती सकाळी तयार होऊन गाडीत बसली. "पोरीनं बनवली हाये," म्हणाली, "मले ओकारी आली तं आली."

घाट चढताना गाडीनं मला गप्प केलं. जिथे बस पहिल्या गिअरमध्ये कण्हते, तिथे ही न कुरकुरता निघाली. आणि एक गोष्ट अशी झाली जी माझ्या उभ्या आयुष्यात झाली नव्हती. खिडकी खाली केली तर गांगुलपाऱ्याच्या पाण्याचा आवाज गाडीत आला. त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलो असेन, पण प्रत्येक वेळी इंजिनाखाली तो दबलेला होता. मंदानंही ऐकला. तरी तिचा उजवा पाय चढावरसुद्धा पत्रा दाबून होता.

उकव्याला चहा घेतला. तिथल्या एका पोराटोरांच्या घोळक्यानं गाडीवर हात ठेवून ती गरम आहे का ते तपासलं. पोरं निराश झाली. बैहर ओलांडलं आणि सालाच्या झाडांचं रान सुरू झालं. त्या सालाखालून जाताना मला घरी चाललोय असंच वाटतं, कारण जवानी तिथे गेली. दुपारच्या आत बिरसा गाठलं.

बिरशात माझा मित्र झनकलाल राहतो. खाणीत तो मेकॅनिक होता. माझ्या डंपरचे ब्रेक त्यानंच बांधले, म्हणजे माझा जीव वर्षानुवर्षं त्याच्या पान्यावर होता. आता त्याची पिठाची चक्की आहे. राम राम करायच्या आधी तो गाडीखाली शिरला, आणि तिथूनच ओरडला, "अबे शालिकभाऊ, इसमें तो कुछ हैच नहीं! सायलेन्सर कुठी गेला?"

चार्जिंगसाठी चक्कीच्या खोलीतला मोठा प्लग तेवढा मजबूत होता. गाडी लावली, आणि झनकलालच्या मुलानं चक्की सुरू करताच फट्कन सगळं बंद पडलं. दळणाचे डबे घेऊन सात-आठ बाया ओळीत बसल्या होत्या. त्यातली एक गोंडीण म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पहले ये खाएगी कि हम?" बाकीच्या अशा हसल्या की मी निमूट प्लग काढला. ठरलं असं की दुपारी चक्की बंद असते तेव्हा गाडीनं जेवायचं. आमच्या बालाघाटात वीज कुणी वापरावी याच्यावर भांडण झालं असतं. इथे म्हातारीनं निकाल दिला आणि सगळ्यांनी मानला.

आम्हीही जेवलो. कुटकीची पेज आणि हिरव्या टमाटरची चटणी. जेवताना मी झनकलालला सगळं सांगितलं. सांडलेली खीर, मंदाचं पोट, सोमवारची बैठक. तो चटणी चाटत ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "पाय उचलला का मोटरच गाडीले थांबवते?"

"हौ."

"आन वीज बनते?"

"हौ ना."

"अरे यार," तो म्हणाला, "हा तं आपला रिटार्डर होय!"

माझा घास हातातच राहिला.

आमच्या मोठ्या डंपरची चाकंसुद्धा विजेच्या मोटरीवर फिरत. खाणीच्या उतारावर एवढा हत्ती साध्या ब्रेकनं थांबत नाही, ब्रेक जळून जातील. म्हणून रिटार्डर असतो. तो लावला की फिरणारी मोटरच उलट वीज तयार करते आणि त्या ओढीनं डंपर मंदावतो. ती वीज केबिनच्या मागच्या जाळ्यांमध्ये जळायची, वर पंखा फिरायचा, आणि उष्णता हवेत जायची. हिवाळ्यात आम्ही त्या गरम वाऱ्यात हात शेकायचो. एकतीस वर्षं मी रोज हेच केलं होतं, आणि पोरीच्या गाडीत तेच बसलं आहे हे मला दोन दिवस कळलं नाही. कारण उघड आहे. एवढ्याशा लिंबात आपला रिटार्डर असेल असं मला वाटलंच नव्हतं. गर्व, दुसरं काय?

झनकलालनं चटणीचं बोट पुसलं. "आपण सारी जिंदगी हवा गरम केली," तो म्हणाला. "तुह्या पोरीनं ते पोटात घातलं."

मंदानं आमच्याकडे पाहिलं. तिला रिटार्डर कळला नाही, पण पोरीचं कौतुक कळलं. तिनं झनकलालला आणखी पेज वाढली, त्याच्याच घरात.

रविवार: उतार

झनकलाल सोबत निघाला. बालाघाटात काम आहे म्हणाला, पण काय काम ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो मागे बसला, मंदा माझ्या शेजारी. त्याच्या बायकोनं मंदाच्या हातात काठोकाठ भरलेला दह्याचा लोटा दिला, वर पळसाचं पान बांधून. मी लोट्याकडे पाहिलं आणि मंदानं माझ्याकडे.

घाटाच्या माथ्यावर बॅटरीचा आकडा एकसष्ट होता. पहिल्या वळणावर मी पाय उचलला. धक्का बसला, दही पानाखालून डोकावलं.

मागून झनकलालनं माझ्या खांद्यावर थाप मारली. "पाय निखाऱ्यावर पडला का? एकदम काहून उचलतो? रिटार्डर कसा लावत होता? नवीन पोट्ट्यायले काय शिकवत होता तू?"

मी शिकवायचो ते असं, की रिटार्डर झोपलेल्या लेकरावर हात ठेवावा तसा लावायचा. झटका दिला तर माल अंगावर येतो. आणि मीच दोन दिवस झटके देत होतो. खाण सुटल्यावर सात वर्षं दुसऱ्यांच्या पेट्रोलच्या गाड्या चालवून पायाला वाईट सवय लागली होती, की पाय एक तर दाबायचा, नाहीतर काढून घ्यायचा.

दुसऱ्या वळणावर मी पाय काढला नाही, सैल केला. गाडी सैल झाली. आणखी सैल केला, गाडी आणखी मंदावली. तिसऱ्या वळणापर्यंत माझा तळवा आणि रस्ता यांच्यामध्ये काही उरलंच नव्हतं. जेवढं मनात यायचं तेवढीच गाडी रोखली जायची, ना तीळभर कमी ना जास्त. हे कुणीतरी बसून, मोजून, पुन्हा पुन्हा करून ठरवलेलं होतं. डंपरचा रिटार्डर माझ्या हाताला बसायला दोन वर्षं लागली होती. इथे तो तीन वळणांत बसला. मी मनात पोरीचं नाव घेतलं.

पाचव्या वळणापलीकडे गुरांचा कळप रस्ताभर पसरला होता. गुराखी मागे, निवांत. मी पाय सैल करत गेलो आणि गाडी बैलांच्या दहा हात अलीकडे उभी राहिली. ब्रेकला मी हात, म्हणजे पाय, लावला नव्हता. आता मात्र मला बढाई मारल्याशिवाय राहवेना. "पाह्यलं का?" म्हणत मी मंदाकडे वळलो.

मंदा झोपली होती.

मान खिडकीकडे कललेली, तोंड थोडं उघडं. उजव्या पायातली चप्पल निघालेली होती आणि पाय नुसता पडलेला होता, काही दाबत नव्हता. झनकलालनं केव्हाच मागून हात घालून दह्याचा लोटा तिच्या मांडीवरून उचलला होता आणि तो देवाच्या कलशासारखा दोन्ही हातांत धरून बसला होता. त्यानं मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

मी लाजत नाही सांगायला, माझे डोळे भरून आले. अडतीस वर्षांत मी ज्या बाईला त्या घाटात एकदाही झोपवू शकलो नव्हतो, तिला तिच्या पोरीनं झोपवलं होतं.

गुरं गेली. माझा अंगठा सवयीनं हॉर्नवर गेला. समोर, मागे, बाजूला पाहिलं. रस्ता मोकळा होता. मी अंगठा उचलला आणि हॉर्न न देता गाडी पुढे घेतली, आयुष्यात पहिल्यांदा.

खाली उतरलो तेव्हा आकडा त्रेसष्ट होता.

घर

सोमवारी काय झालं ते आधीच सांगून टाकतो. स्नेहलचं काम राहिलं, माझी एक दुरुस्ती घेऊन. पण मला सांगायचं आहे ते रविवारच्या संध्याकाळचं. झनकलाल ओट्यावर बसून होता, मंदा आत त्याच दह्याची कढी करत होती, आणि स्नेहल फोनवर होती.

मी शिडीपाशी उभं राहून सांगतात तसं सांगितलं. "दोष पहिले आयक. नवीन माणूस पाय एकदम उचलते. मीही उचलला. तुह्या मायच्या लुगड्यावर खीर सांडली, तिले ओकाऱ्या झाल्या. नव्या माणसाले पहिले काही दिवस जोर कमी दे, मंग त्याचा पाय शिकला का वाढव. पण काढू नोको. काढला तं पाप करशीन."

तिकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. "आन घाटात?"

"घाटात तुही माय झोपली."

पेन थांबलं. ती पोर त्याच घाटातून आईच्या मांडीवर बसून शंभरदा गेलेली होती, आईचा पाय तिनंही पाहिलेला होता.

"गांगुलपाऱ्यात?" तिनं विचारलं.

"हौ."

आतून मंदा झारा घेऊनच बाहेर आली. "मी कायले झोपू? काहीही सांगून राह्यले पोरीले. डोळे मिटून बसली होती मी. सारं आयकू येत होतं मले."

"आयकू येत होतं ना?" मी म्हणालो. "मंग सांग, गुरं गेल्यावर मी हॉर्न किती वाजवले?"

मंदानं क्षणाचाही विचार केला नाही. "दोन," ती म्हणाली. "तुमचे नेहमीचे."

ओट्यावर झनकलालनं तोंडाला गमछा लावला. मी फोन पुन्हा कानाशी घेतला आणि स्नेहलला म्हणालो, "आयकलं ना? लिहून घे."